अनुमोदनाचा वाटा

२०२२च्या जुलैत यूट्यूबवरच्या दोन चॅनेलांनी एक बातमी दिली. साधना ब्रॉडकास्ट या छोट्या कंपनीशी एका बड्या अमेरिकी कंपनीने ११०० कोटी रुपयांचा करार केला आहे आणि त्यातून चार भक्तिपट निघणार आहेत. शिवाय अदानी समूह ही कंपनी विकत घेणार. सगळी थाप. पण व्हिडिओ पैसे मोजून पसरवले गेले, शेअर चढला आणि चढत्या भावात प्रवर्तक मंडळींनी आपला माल बाहेर काढला. बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या मार्च २०२३च्या आदेशात आकडा आहे: छोटे भागधारक २,१६७ होते, ते ५५,३४३ झाले. भक्तिपटांसाठी अमेरिकेतून अकराशे कोटी! गावातल्या देवळाच्या कळसासाठी ज्याने कधी वर्गणी मागितली असेल, त्याला तरी हसू फुटायला हवं होतं.

मी सांगलीत सब-ब्रोकर म्हणून उभी हयात काढली. विलिंग्डन कॉलेजात बी.ए.ला तत्त्वज्ञान होतं, ती खोड अजून गेलेली नाही. बाजार बंद झाला की काउंटरवरच जुनी पुस्तकं उघडतो. त्यामुळे असलं प्रकरण वाचलं की मला आधी वात्स्यायन आठवतो (न्यायभाष्यवाला, हसू नका). दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास कधी ठेवावा? बोलणारा आप्त असेल तर, असं तो म्हणतो. त्यासाठी त्याच्या अटी दोनच. बोलणाऱ्याला गोष्ट स्वतः ठाऊक हवी, आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगायची त्याची इच्छा हवी. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ. इतक्या उदार व्याख्येत टीव्हीवरच्या तज्ज्ञालाही खुर्ची मिळायला हरकत नव्हती. पण तो दुसऱ्या अटीवर अडकतो. फेब्रुवारी २०२४मध्ये सेबीने एका हिंदी व्यापारवाहिनीवरच्या पाहुण्या तज्ज्ञांविरुद्ध हंगामी आदेश काढला. ठपका असा की, कार्यक्रमात सांगायच्या टिपा काही जणांना आधीच पोचत, ते आधी माल घेत आणि प्रेक्षक तुटून पडले की विकत. ७ कोटी ४१ लाखांची रक्कम गोठवली गेली. त्या तज्ज्ञांना शेअरमधलं कळत नव्हतं असं कोण म्हणेल?

इथपर्यंत दोष बोलणाऱ्याचा. पण काउंटरच्या या बाजूला बसून मी जे पाहिलं, त्यात वात्स्यायनही अपुरा पडतो.

इचलकरंजीचा एक यंत्रमागवाला पोरगा माझ्याकडे यायचा. असाच एक आठ-नऊ रुपयांचा शेअर घेऊन बसला होता. त्या कंपनीच्या कारखान्याला टाळं आहे, हे मी त्याला सांगितलं. तो मोबाइल पुढे करून म्हणाला, “काका, ते मलापण माहीत आहे. पण हे बघा, नुसते बायर आहेत, सेलर एक नाही. उद्या परत सर्किट.” स्क्रीनवर विक्रीच्या रकान्यात शून्य होतं आणि खरेदीच्या रकान्यात लाखांची रांग. छोट्या कंपनीत बाजारात फिरणारा माल मुळातच थोडा, त्यामुळे दोन-पाचशे जण एकदम आले तरी दिवसाची, बहुधा पाच टक्क्यांची, वरची मर्यादा म्हणजे सर्किट सकाळीच लागतं. मग ती मर्यादाच बातमी होते, आणि बातमीने आणखी लोक येतात. उतरताना याच्या नेमकं उलटं: सगळे सेलर, बायर एक नाही. तेव्हा विकायचं म्हटलं तरी विकता येत नाही.

त्या पोराने कुणावर विश्वास ठेवला होता? बातमीवर नाही. दुसरे लोक विश्वास ठेवतील, यावर. अर्थशास्त्रज्ञ केन्सने १९३६मध्ये बाजाराची हीच गंमत सांगितली होती: आपल्याला काय वाटतं याला महत्त्व नाही, दुसरे काय समजतील याचा अंदाज बांधायचा. झुंडीला आपण आंधळी म्हणतो. माझ्या मते तिच्यातले निम्मे डोळस असतात आणि आपल्यामागे एक आंधळा उभा आहे, एवढ्याच भरवशावर ते पैसे लावतात.

म्हणून मला योगसूत्रांतला पतंजली जवळचा वाटतो. हिंसा, असत्य, चोरी यांबद्दल तो म्हणतो की, स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि नुसतं अनुमोदलेलं, तिन्ही आपल्याच खाती जमा. आमच्या भागातल्या जैन घरांत कृत-कारित-अनुमोदन हे लहानपणीच कानावर पडतं. पण पतंजली तिथे थांबत नाही. यामागे लोभ होता की मोह, दोष मृदू की तीव्र, हेही तो पाहायला लावतो. पेन्शनीतले वीस हजार खरं समजून घालणारे गुरुजी आणि खोटं समजून घालणारा तो पोरगा एका मापाने मोजता येणार नाहीत. गुरुजी फसले. पोरगा भागीदार होता. वेळ साधली असती, तर त्याने स्वतःचा माल कुणा गुरुजींच्याच गळ्यात मारला असता. फसवणुकीची तक्रार करायला मात्र दोघं एकाच रांगेत उभे राहतात, आणि कायद्याला त्यांच्यातला फरक दिसत नाही. त्याने तो पाहावा अशी माझी अपेक्षाही नाही.

साधना प्रकरणात मे २०२५मध्ये अंतिम आदेश आला: ५९ जणांना बाजारबंदी, आणि ५८ कोटींवर रक्कम व्याजासह परत करण्याचा हुकूम. ज्यांनी ते व्हिडिओ खोटे आहेत हे ओळखून मित्रांना पाठवले, त्यांची नावं कुठल्याच आदेशात येणार नाहीत. म्हणून ग्रुपवर पुढची टिप येईल, तेव्हा ती पुढे ढकलू नका, आणि खाली अंगठ्याचं चित्रही टाकू नका.