कुऱ्हाडीचा दांडा

एप्रिल 2022च्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली. बंदी महिनाभरही टिकली नाही, पण तेवढ्यात आपल्या फरसाणवाल्यांनाही सुमात्राची आठवण झाली. एरवी कढईतल्या तेलाचं गाव आपण विचारत नाही. ‘जंगल कोण तोडतं?’ या प्रश्नाच्या उत्तरातही आपण कधी नसतो.

ते उत्तर एके काळी सोपं होतं. ज्याच्या हातात कुऱ्हाड, तो दोषी. इंग्रजांच्या जंगलखात्याने कारवारकडच्या कुमरीवर, म्हणजे जंगलाचा तुकडा तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीवर, याच समजुतीने बंधनं घातली. जहाजं आणि रेल्वेसाठी लागणारं लाकूड मात्र त्या हिशेबात आलं नाही. इंग्रज गेले तरी समज टिकली. विसाव्या शतकातही वर्षावनांच्या नाशाचं खापर बराच काळ फिरत्या शेतीवरच फुटत राहिलं.

1981मध्ये नॉर्मन मायर्स या पर्यावरणशास्त्रज्ञाने नजर वळवली. मध्य अमेरिकेतली जंगलं कुरणांसाठी साफ होतात, तिथलं स्वस्त गोमांस अमेरिकेत जातं आणि हॅम्बर्गर होतं, असं त्याने दाखवलं. म्हणजे कुऱ्हाड कोस्टारिकात, तिचा दांडा हजारो किलोमीटर दूर! पुढे त्या दांड्याला आणखी हात दिसले. ब्राझीलच्या लष्करी सरकारने अॅमेझॉनमधल्या गुरांच्या कुरणांना करसवलती दिल्या होत्या. तिथल्याच रोन्दोनिया राज्यातून जंगल चिरत जाणाऱ्या रस्त्याला जागतिक बँकेचं कर्ज होतं. ओरड झाल्यावर 1985मध्ये बँकेने हप्ते थांबवले. 2006मध्ये ग्रीनपीसने अॅमेझॉनमधलं सोयाबीन युरोपातल्या कोंबड्यांच्या खाद्यापर्यंत माग काढून दाखवलं आणि काही महिन्यांतच मोठ्या व्यापाऱ्यांनी नव्याने तोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन न घेण्याचं कबूल केलं. अॅमेझॉनमध्ये त्याचा परिणाम दिसला. सोयाबीनचा विस्तार शेजारच्या सेर्रादो या गवताळ प्रदेशात मात्र चालूच राहिला. 2023मध्ये युरोपने कायदाच केला: 2020नंतर जंगल तोडून पिकवलेलं कॉफी, कोको, रबर, पामतेल आमच्या बाजारात नको. अंमलबजावणी मात्र पुढे ढकलली जाते आहे.

इथवर विचार बरोबर चालला, असं मला वाटतं. पण त्याने डोळ्यांपुढे धरलेला ग्राहक एका विशिष्ट घरातला आहे. वेष्टन वाचणारा, दोन पैसे जास्त मोजणारा. पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार भारत आहे आणि आपलं पामतेल बहुतेकदा बिस्किटात, साबणात, हॉटेलच्या कढईत असतं. युरोपने नाकारलेला माल इकडे वळला, तर बोर्निओच्या जंगलाला काय फरक पडणार?

बरं, पामवर बहिष्कार घालावा, तर गणित आडवं येतं. हे झाड मूळचं आफ्रिकेचं. 1848मध्ये जावातल्या बोगोरच्या बागेत त्याची चार रोपं लागली आणि पुढे सुमात्रातले मळे त्यांच्या वंशावर वाढले. हेक्टरी तीन-चार टन तेल देणारं दुसरं पीक नाही. सोयाबीन जेमतेम अर्धा टन देतं. तेवढंच तेल सोयाबीनमधून काढायचं, तर कितीतरी पट जमीन लागेल. शिवाय इंडोनेशियातले बरेचसे मळे छोट्या शेतकऱ्यांचे आहेत. त्यांच्यापुढे आदर्श ग्राहकाचं प्रवचन करायला मला तरी तोंड नाही. रेशनवरच्या पामतेलाच्या पुऱ्या आमच्या पिढीने मिटक्या मारत खाल्ल्या आहेत.

आयातीचा हा भार हलका व्हावा म्हणून 2021मध्ये भारत सरकारने 11,040 कोटींचं पाम लागवडीचं अभियान जाहीर केलं. भर ईशान्य भारत आणि अंदमानवर. मिझोराममध्ये तर त्याआधीपासूनच डोंगरावरच्या शेतकऱ्यांना सांगितलं जात होतं: झूम सोडा, पाम लावा. झूम म्हणजे तिकडची कुमरी.