काटकसरीचा गडी

सोयाबीनची सोंगणी आटोपली होती. वाशिमजवळच्या एका गावात, आपल्याच वस्तीत, बचतगटाच्या बायांसमोर मी काटकसरीवर बोललो. चांगलं पाऊण तास बोललो. थेंबे थेंबे तळे साचे, विडी-गुटखा सोडा, लग्नात उधळू नका, असलं सगळं. टाळ्याही पडल्या. मग कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "बाबू, म्या तेल अदपाव आनतो आठवड्याले. आता त्याच्यातलं वाचवू त काय वाचवू, थे सांग."

मला सांगता आलं नाही. बाया हसल्या. मीही हसलो, पण सायकलवर घरी येईपर्यंत घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं.

घरी येऊन शब्दकोश काढला. आपल्याला सवयच आहे, माणसाकडून उत्तर मिळालं नाही की पुस्तकाकडे जायचं. इंग्रजीत काटकसरी माणसाला 'फ्रुगल' म्हणतात. इंग्रजीत हा शब्द आला सोळाव्या शतकाच्या शेवटी, मूळ लॅटिन. 'फ्रुक्स' म्हणजे पीक, फळ, धान्य. त्याचं एक रूप 'फ्रुगी', म्हणजे फळाला येणारा, कामाला येणारा. 'फ्रूट' ह्या शब्दाचं कूळही तेच. शब्दात शेताचा वास आहे म्हणून मी खूश झालो. पण पुढं वाचलं आणि खुशी उतरली.

रोममध्ये हा 'फ्रुगी' कुणाला म्हणत? गुलामाला. प्लॉटसच्या नाटकांत चांगला गुलाम तो 'फ्रुगी'. म्हणजे चोरत नाही, सांडत नाही, कमी खातो, मालकाच्या कामी येतो. होरेस नावाचा कवी, ज्याचा बाप स्वतः गुलामीतून सुटलेला, त्याच्या एका रचनेत दावुस नावाचा गुलाम स्वतःची ओळख ह्याच शब्दानं करून देतो. सणाच्या दिवशी गुलामाला तोंड उघडायची मुभा असे. त्या मुभेत तो मालकालाच सुनावतो की खरा गुलाम तूच. वर्षातून एक सण बोलायला. बाकीचे दिवस फ्रुगी.

आणि हाच शब्द सरदारांच्या घरी बिरुद होऊन मिरवला. इ.स.पू. १३३ चा कॉन्सल लुसियस काल्पुर्नियस पिसो ह्याच्या नावामागे 'फ्रुगी' लागलं. पुढं त्याच्या वंशात ते आडनावासारखं चालत राहिलं. म्हणजे शब्द एकच. मालकाच्या अंगावर तो दागिना, गुलामाच्या अंगावर तो मोजमाप.

माझा आजा सालदार होता. तो मेला तेव्हा त्याचा मालक ओट्यावर बसून म्हणाला होता, "गडी मोठा काटकसरीचा होता." बाप सांगतो, तेव्हा घरच्यांना बरं वाटलं होतं. मला आता वाटतं, मालक लॅटिनच बोलत होता. आज्यानं जे वाचवलं ते कुणाच्या कोठारात गेलं? आमच्या घरी तर त्यातली एक वाकळ आली. आजीनं चिंध्या जोडून शिवलेली. ती अजून आहे.

काटकसर म्हणजे काही वाया जाऊ न देणं असं धरलं, तर ह्या देशात आपल्यापेक्षा काटकसरी कोण होतं? गावाचं उष्टं आपण वाया जाऊ दिलं नाही. गावाचं मेलेलं ढोर आपण वाया जाऊ दिलं नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी हे सोडा म्हणून सांगितलं. नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात त्यांनीच एक गोष्ट सांगितली. ढोरं ओढणं सोडल्यानं महारांचं किती नुकसान होतं त्याचा हिशोब कुणीतरी 'केसरी'त मांडला होता. शिंगं, खुरं, हाडं, सगळं धरून रुपये पाचशे. बाबासाहेबांचं म्हणणं, हा फायदा तुम्हीच घ्या, तुम्ही ओढा, वरून पाचशे मी देतो. अर्थशास्त्राचा डॉक्टर होता तो माणूस. हिशोब येत नव्हता म्हणून नव्हे, येत होता म्हणून असं बोलला.

मित्रहो, आता तुम्ही म्हणाल, बाबासाहेब स्वतः लंडनला अर्धपोटी राहिले, रात्री पापडावर भूक मारली, ती काय होती? ती काटकसरच. पण त्याच माणसानं त्याआधी न्यूयॉर्कला जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तकं घेतली होती. पोटाचं कापलं, डोक्याचं कापलं नाही. आणि पीक कुणाकडे आलं ते आपल्याला माहीत आहे. तुमच्याआमच्याकडे.

भगवान बुद्धाकडे दीघजाणु नावाचा कोळिय गृहस्थ गेला होता. आम्ही बायकापोरांतली माणसं, आम्हाला काय सांगता, असं त्यानं विचारलं. बुद्धानं चार गोष्टी सांगितल्या. आधी उद्योग, मग मिळवलेल्याचं रक्षण, मग चांगल्या माणसांची संगत, आणि चौथी 'समजीविता', म्हणजे तराजू धरणाऱ्यासारखं मिळकत आणि खर्च तोलून जगणं. असून उपाशी मरू नका, नसताना उधळू नका. मी त्या बायांना थेट चौथीच सांगून आलो होतो. तराजूच्या एका पारड्यात काहीच नाही, आणि मी दुसऱ्या पारड्याला शिकवत होतो.

विनयपिटकात आनंदाची एक गोष्ट आहे. कोसंबीच्या राण्यांनी त्याला पाचशे चीवरं दिली. राजा उदेन चिडला, एवढ्यांचं हा करणार काय? आनंद म्हणाला, फाटकी चीवरं असलेल्यांना वाटू. आणि फाटक्यांचं? त्यांचे पलंगपोस. जुन्या पलंगपोसांचं? गादीचे अभ्रे. पुढं जमिनीवरची अंथरणं, पायपुसणी, फडकी. आणि फडकी झिजली की कुटून चिखलात मळून जमीन सारवू. राजानं आणखी पाचशे दिली. सुरुवात बघा : आधी वाटणं, मग वाचवणं. आणि शेवटचा चिखलही संघाच्याच घराला. आजीच्या वाकळीत टाके तसलेच होते. घर तेवढं दुसऱ्याचं होतं.

पुढच्या महिन्यात त्याच गटापुढं परत बोलायचंय. फळ्यावर त्यांनी 'काटकसर व बचत, भाग दुसरा' लिहून ठेवलंय म्हणे. मी निरोप पाठवलाय, ते पुसा आणि 'मजुरी' लिहा. आणि त्या म्हातारीला पुढं बसवा.