सुताराचे कर्तेपण

जीवाचे कर्तृत्व स्वाभाविक की औपाधिक, हा प्रश्न ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात उपस्थित झाला तेव्हा सूत्रकाराने दृष्टान्तासाठी राजा किंवा ऋषी न निवडता सुतार निवडला. आणि त्यावर भाष्य करताना शंकराचार्यांनी असे प्रतिपादिले की, वाकसादी हत्यारे हाती आहेत तोवर सुतार कर्ता असतो व दुःखी असतो, आणि तीच खाली ठेवून तो घरी परतला म्हणजे निर्व्यापार व सुखी होतो. आत्म्याविषयीच्या सिद्धान्ताशी माझा विवाद नाही; पण सुताराच्या दुःखाविषयी पुण्यातील जुने लाकूडकाम निराळी साक्ष देते, असे मला मनःपूर्वक वाटते.

वाड्यातून उतरवलेल्या एखाद्या सागवानी कपाटाचे दार जवळून पाहावे. चौकटीतला दिलहा, म्हणजे मधली फळी, सरसाने चिकटवलेला नसतो, खिळ्यांनी जखडलेला नसतो. तो खाचेत मोकळा बसवलेला असतो. झाड तोडून कितीही वर्षे लोटली तरी लाकूड हवेतील ओल घेतच राहते, आणि लांबीच्या अंगाने जवळजवळ न बदलता रुंदीच्या अंगाने श्रावणात फुगते व वैशाखात आकसते. हे जाणणारा कारागीर, आपण हयात नसू अशा पावसाळ्यांसाठीही, खाचेत जागा राखून ठेवतो. हत्यार हातात असतानाच त्याने लाकडावरचा आपला हक्क सोडलेला असतो. मग संन्यासासाठी त्याने घर गाठण्याची वाट का पाहावी?

कर्म सोडूनच मोक्ष, या मताविरुद्ध लोकमान्यांनी ज्ञानोत्तर कर्माचा पक्ष ज्या 'गीतारहस्या'त मांडला, ते १९१५ साली याच शहरात प्रसिद्ध झाले. त्या पक्षाला दिलह्याच्या दारासारखा दाखला क्वचितच मिळेल.

कर्त्याचे नाव उरले नाही म्हणून त्याग सिद्ध होतो, असेही नव्हे. शुक्रवार पेठेत दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी 'अज्ञातवासीं'नी, अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ जमवलेला आणि १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केलेला जो संग्रह आहे, त्यातील कोरीव दरवाजे बहुतांशी निनावी आहेत. उलट, पाँडिचेरीस 'गोलकोंद'च्या बांधकामावर असताना श्रीअरविंदांकडून 'सुंदरानंद' हे नाव लाभलेला जॉर्ज नाकाशिमा पुढे अमेरिकेत फर्निचर घडवून जगविख्यात झाला. पण तोही फळीची भेग लपवीत नसे. फुलपाखरासारख्या लाकडी तुकड्याने ती सांधून उघडी ठेवी. लाकडाच्या स्वभावापुढे आपली इच्छा आवरण्याची ही शिस्त निनावी सुतार आणि नाकाशिमा या दोघांत एकच आहे, आणि माझ्या मते कर्तेपणाची खरी कसोटी नावात नसून इथे आहे.

वाडे पडतात, कपाटे जुन्या बाजारात येतात, आणि दाराची खडखड नको म्हणून घेणारा दिलहा चिकटवून घेतो. त्याला माझी कळकळीची विनंती आहे की, त्याने ती खडखड राहू द्यावी; फळी एकदा जखडली, की ऋतूंच्या फुगण्या-आकसण्यात ती मधोमध उभी तडकल्यावाचून राहत नाही.