संगीत आणि चित्तवृत्ती

शास्त्रोक्त संगीत ऐकिल्याने मन शांत होते व बुद्धी तल्लख होते, असे विधान अलीकडे आमच्या परभणीसारख्या जिल्ह्याच्या गावीही वारंवार कानी पडते. निद्रानाशावर अमुक राग, रक्तदाबावर तमुक राग, अशी कोष्टकेच सुशिक्षित घरांतून फिरत असतात. परीक्षेस बसणाऱ्या मुलाच्या उशाशी सतारवादन लावून ठेवणारे पालकही आमच्या परिचयाचे आहेत. संगीत ही औषधाप्रमाणे मात्रेने घ्यावयाची वस्तू आहे काय, या प्रश्नाचा थोडा स्वस्थपणे विचार व्हावा असे आम्हांस वाटते.

प्रश्न नवा नाही, आणि मराठवाड्यास तर तो मुळीच परका नाही. 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने रचिला. हा गृहस्थ राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख, आणि वैद्यकाचाही जाणकार. ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात, स्वरांकडे वळण्यापूर्वी, तो मनुष्यदेहाची उत्पत्ती सांगत बसतो. कारण नाद उपजतो तो देहातच. त्याच्या कितीतरी पूर्वी भरताने स्वरांची रसांशी जोडी लावून ठेविली होती: मध्यम-पंचम हास्य व शृंगारास, गांधार-निषाद करुणास, धैवत बीभत्स व भयानकास, इत्यादी.

परंतु हे कोष्टक आजच्या रागांस लावू गेल्यास पंचाईत होते. मारवा, पूरिया आणि सोहनी हे तीन राग घ्या. तिघांतही पंचम वर्ज्य, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र; म्हणजे सामग्री तंतोतंत तीच. तरी मारवा कोमल ऋषभावर व धैवतावर रेंगाळतो, षड्जाला हुलकावणी देत राहतो, आणि दिवेलागणीच्या वेळची एक अनामिक हुरहुर मनात उभी करतो. पूरिया त्याच स्वरांनी मंद्रात उतरून गांधार-निषादांवर विसावतो व गंभीर होतो. सोहनी तार षड्जाच्या आसपास चपळपणे वावरते. तिच्यात उत्तररात्रीची आर्तता आहे, पण मारव्याचे ओझे नाही. यावरून उघड होते की भाव सुट्या स्वरात नसून स्वरांच्या चालण्यात आहे. एकाच कुटुंबातील तीन भावंडांचे नाकडोळे सारखे असून स्वभाव निराळे असावेत, तसाच हा प्रकार होय.

पाश्चात्यांनी हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला. १९९३ साली 'नेचर' या नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध झाले. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस मोझार्टची एक रचना दहा मिनिटे ऐकविली असता, आकृत्यांची मनातल्या मनात जुळणी करण्याच्या परीक्षेत त्यांचे गुण वाढले. मात्र ही वाढ टिकली ती अवघी दहा-पंधरा मिनिटे. एवढ्या भांडवलावर मोझार्टने मुले हुशार होतात अशी हाकाटी झाली, आणि १९९८ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात अर्भकास संगीताची तबकडी देण्याची योजना मांडिली! पुढे २००१ साली कॅनडातील संशोधकांनी दाखविले की मोझार्टच्या द्रुत व आनंदी रचनेने जे घडते, ते आल्बिनोनीच्या विलंबित व खिन्न रचनेने घडत नाही. आणि मनाची प्रसन्नता व तरतरी हिशेबातून वजा केल्यास मोझार्टचा म्हणून काही परिणाम उरत नाही. चांगला चहा घेतल्यावरही गणित जरा बरे सुटते, परंतु त्यासाठी चहास विद्येचे साधन कोणी म्हणत नाही.

बुद्धीचे राहू द्या. संगीताने निदान अंतःकरण तरी शुद्ध होते की नाही? प्लेटोला स्वरांच्या सामर्थ्याची इतकी धास्ती होती की आपल्या आदर्श नगरातून त्याने शोकपूर्ण व विलासी स्वरावली हद्दपार केल्या. पण १९४३-४४ साली ऑश्विट्झच्या छळछावणीत आल्मा रोझे हिच्या नेतृत्वाखाली कैदी स्त्रियांचा वाद्यवृंद होता. छावणीचे अधिकारी त्याचे वादन आवडीने ऐकत, आणि मग आपल्या कामास जात. त्यांची चित्तवृत्ती त्या घटकेपुरती खचित उल्हसित होत असेल. मन उल्हसित होणे निराळे व मन सुधारणे निराळे, हे याहून कठोरपणे कोणी सिद्ध करावे अशी आमची इच्छा नाही.

मग संगीत करते तरी काय? आमच्या साहित्यशास्त्रकारांनी भाव आणि रस यांत भेद केला आहे, तो येथे उपयोगी पडतो. माझे दुःख हा भाव; तेच कलेत उतरले की ते अमक्या एकाचे राहत नाही, साधारण होते, आणि म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. आमच्याच जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई दळणकांडणाच्या कष्टांवर अभंग रचिते, तेव्हा कष्ट हलके होत नाहीत. दळण तेवढेच असते. जात्यावरील ओवी हे शास्त्रोक्त संगीत नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्तही आहे. परंतु जात्याच्या अखंड घरघरीवर ओवी धरणारी स्त्री आपल्या शिणाकडे थोडे दुरून पाहू शकते, हे कोणत्याही गवयास पटेल.

आणखी एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिंदुस्थानी रागांशी अपरिचित असलेल्या पाश्चात्य श्रोत्यांस निरनिराळे राग ऐकविले. आनंद, शोक व क्रोध त्यांनी बहुतांशी ओळखिले. शांत रस मात्र त्यांस नीट ओळखता आला नाही. कोष्टकवाले जी वस्तू हातोहात देऊ करितात, नेमकी तीच परिचयावाचून हाती येत नाही, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

आधीच उदास असलेल्या माणसाने तिन्हीसांजेस मारवा ऐकावा की टाळावा, असे कोणी विचारिले तर ऐकावा, असेच आम्ही सांगू. अमीरखाँसाहेबांचा मिळाल्यास उत्तम. मात्र हुलकावण्या देणारा तो षड्ज एकदा लागेपर्यंत जागेवरून उठू नये.