ताटाआधी पोहोचणारी बातमी

मार्च 2020. टाळेबंदी अजून जाहीर व्हायची होती. डहाणू तालुक्यातल्या घोलवडच्या एका कुक्कुटपालकाने एक दिवसाची 1.75 लाख पिल्ले आणि उबवणीची 9 लाख अंडी नष्ट केली. माल सुमारे 5.8 कोटी रुपयांचा होता. कारण रोगाचे नव्हते. कोंबडी खाल्ली की कोरोना होतो ही आवई फेब्रुवारीपासून मोबाइलवर फिरत होती आणि लोकांनी चिकन आणणे बंद केले होते. एरवी चिकूसाठी ओळखले जाणारे हे गाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले ते या कारणाने.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाची चर्चा आपल्याकडे सुरू होत असताना घोलवडची ही घटना नीट समजून घ्यायला हवी. अंडे उबवणी यंत्रात ठेवल्यापासून पिल्लू बाहेर पडायला 21 दिवस लागतात. साधारण 18 दिवस सेटरमध्ये, साडेसदतीस अंशांच्या आसपास, ठरावीक वेळाने कलते करत. उरलेले तीन दिवस हॅचरमध्ये. बाहेर आलेले पिल्लू एक-दोन दिवसांत शेतकऱ्याच्या शेडमध्ये पोहोचावे लागते, आणि शेड रिकामी व्हायची तर आधीची बॅच विकली जावी लागते. ब्रॉयलर सहा आठवड्यांत विक्रीला येतो. त्यानंतर त्याला पोसण्याचा प्रत्येक दिवस तोट्याचा. म्हणजे मार्चमध्ये जन्मलेली पिल्ले फेब्रुवारीतच यंत्रात गेली होती. मुंबईतल्या स्वयंपाकघरात बेत एका संध्याकाळी बदलतो. अंड्यांवरच्या कोंबड्या मात्र अंडी द्यायच्या थांबत नाहीत, आणि सेटरमधले अंडे मागे घेता येत नाही.

वर्तमानपत्रांनी अफवा पसरवली असे म्हणणे अन्यायाचे होईल. बहुतेकांनी ती खोडूनच काढली. शासनाचे खुलासे छापले गेले. फेब्रुवारीच्या अखेरीस हैदराबादेत तेलंगणच्या मंत्र्यांनी व्यासपीठावर चिकन खाऊन दाखवले, त्याची छायाचित्रेही आली. तरी भाव घसरतच राहिले. माझ्या मते याचे एक कारण खुलाशाच्या रचनेत आहे. ‘कोंबडीमुळे कोरोना होत नाही’ या मथळ्यात कोंबडी आणि कोरोना पुन्हा शेजारी येतात, आणि घाईत चाळणाऱ्याच्या मनात ती जोडीच राहते. दुसरे कारण जास्त खोल आहे. पक्षी शेडमध्ये कसा वाढतो, त्याला कोणते आजार होतात, त्यातले कोणते माणसाला बाधतात, हे वाचकाला एरवी कोणी सांगितलेलेच नसते. पोल्ट्री पहिल्या पानावर येते ती संकटातच. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लाखो पक्षी मारावे लागले. तो रोग खरा होता. 2020 ची भीती खोटी होती. वाचकाच्या लेखी दोन्ही सारख्याच ठरल्या, कारण फरक करायला लागणारे ज्ञान त्याच्यापर्यंत शांततेच्या काळात कधी पोहोचले नव्हते.

आता प्रयोगशाळेतल्या मांसाकडे पाहा. चिकन पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरात शिजते. वास, चव, आईच्या हातचा रस्सा, एवढी साक्ष पाठीशी असूनही ते एका आवईने आडवे झाले. प्राण्याच्या काही पेशी घेऊन टाकीतल्या पोषक द्रवात वाढवलेले मांस आपल्यापैकी जवळजवळ कोणीच चाखलेले नाही. त्याच्याविषयी आपण जे काही मानतो ते सगळे बातमीतून आलेले. 2013 मध्ये लंडनला शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी अशा मांसाचे बनवलेले बर्गर कॅमेऱ्यांसमोर तळले गेले. ती पहिली ओळख. 2020 च्या डिसेंबरमध्ये सिंगापूरने विक्रीला परवानगी दिली, 2023 मध्ये अमेरिकेने दिली, त्याच वर्षी इटलीने बंदी घातली. आपल्याकडे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीने 2019 मध्ये या विषयाच्या संशोधन केंद्रासाठी करार केला आणि 2024 मध्ये कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने पेशींपासून मासळी बनवण्याचे काम हाती घेतल्याचे जाहीर केले. यातली प्रत्येक बातमी एकतर चमत्काराची किंवा वादाची.

मांडणीने मत बदलते याला पुरावा आहे. ब्रायंट आणि डिलार्ड या संशोधकांनी 2019 मध्ये 480 अमेरिकनांना या मांसाची माहिती वेगवेगळ्या तऱ्हेने दिली. काहींना समाजाचा फायदा सांगितला, काहींना हे नेहमीच्या मांसासारखेच आहे असे, तर काहींना उच्च तंत्रज्ञानाची कामगिरी म्हणून. वस्तू तीच, पण तंत्रज्ञानाचे कौतुक वाचलेल्यांचे मत सर्वांत प्रतिकूल झाले. याच सुमाराला ब्रिटन-अमेरिकेतल्या बातम्यांच्या एका अभ्यासात दिसले की या विषयावर सर्वाधिक आवाज असतो तो उद्योगाचाच. म्हणजे कौतुकही निरागस नसते. कंपनीचे प्रसिद्धिपत्रक जसेच्या तसे छापणारा वार्ताहर आणि भीतीचा मेसेज पुढे ढकलणारा शेजारी यांच्यात हेतूचे अंतर मोठे आहे. वाचकाला समज न देण्याच्या बाबतीत ते फार मोठे नाही.

मी या मांसाचा विरोधक नाही. जनावर न मारता मांस मिळणार असेल तर तो विचार गंभीरपणे घ्यावा असाच आहे. पण मराठी वाचकाला ते समजायचे तर बातमी घोलवडहूनही लिहिली गेली पाहिजे. इथल्या पट्ट्यात हॅचरी आहेत, आणि शेजारच्या तलासरीच्या वारली पाड्यांवर गावठी कोंबड्याही आहेत. सणाला, नवसाला, पाहुण्याला आणि अडीअडचणीला बाजारात विकायला त्याच उपयोगी पडतात. टाकीतले मांस आले तर आधी धक्का ब्रॉयलरला बसेल की गावठीला? शेडवर रोजाने काम करणाऱ्याचे काय होईल? पेशी ज्या द्रवात वाढतात त्यात सुरुवातीला वासराच्या भ्रूणाचे रक्तद्रव वापरले जाई. आता त्याऐवजी काय वापरतात, त्याची किंमत काय, टाकीला वीज किती लागते? हे प्रश्न कंपनीला विचारता येतात, प्राध्यापकांना विचारता येतात, आणि हॅचरीतल्या माणसालाही. अशा नव्या अन्नाला भारतात एफएसएसएआय या अन्नसुरक्षा नियामकाची पूर्वपरवानगी लागते. त्यासाठीचा अर्ज, त्यातल्या चाचण्या, हरकती यांवर निर्णय होण्याआधीच मराठीत सविस्तर लेखन व्हावे. परवानगीच्या दिवशी मंत्र्यांनी घास घेतलेला फोटो छापून ते काम भागणार नाही.