पंचाहत्तर वर्षांचा पुरावा

जे कागदावर नाही ते घडलंच नाही, असं आपण सहज धरून चालतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरीच्या जंगलाकाठी हा समज टिकत नाही. २००६च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. हिशेब थेट १९३०पर्यंत जातो. एवढी जुनी पावती कष्टकऱ्याच्या घरात कुठून असणार? पण विहीर असते, शेताचा बांध असतो, पूर्वजांना पुरल्याची जागा असते. नियमांनी या खुणा आणि वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाबही पुरावा मानले, हे मला फार मोलाचं वाटतं.

आठवण फसवते, हा आक्षेप खराच. म्हणूनच एकाहून अधिक पुरावे लागतात आणि पहिली पडताळणी ग्रामसभेत, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर होते. शिवाय कागदही माणसंच लिहितात. हक्क मान्य झाल्यावर काय बदलतं, तेही पाहा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्याच्याच बळावर बांबू कधी, किती तोडायचा हे गाव ठरवू लागलं. मागचा काळ सिद्ध झाला, तेव्हाच पुढचा हाती आला. ज्या गावांचे दावे अजून व्हायचे आहेत, तिथल्या तरुणांनी म्हाताऱ्या माणसांचे जबाब आजच लिहून घ्यावेत.