मागील थकबाकीचा रकाना

महापालिकेची संगणक प्रणाली बदलायची ठरली की चर्चा होते ती खर्चाची, निविदेची आणि नव्या अ‍ॅपची. कळव्यातल्या चाळीत किंवा खारेगावच्या सोसायटीत राहणाऱ्याच्या दृष्टीने मात्र या बदलातली सर्वांत मोठी गोष्ट मालमत्ता कराच्या बिलावरच्या एका रकान्यात असते: मागील थकबाकी. जुन्या प्रणालीतून हा आकडा नव्या प्रणालीत चढवला जातो. तो कोणी तपासला, कशाशी ताडून पाहिला आणि चुकला तर दुरुस्त कोणी करायचा, हे ठरल्याशिवाय प्रणाली बदलूच नये, असे माझे मत आहे.

थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. पाच हजार रुपये चुकून खात्यावर राहिले, तर महिन्याला शंभर आणि वर्षाला बाराशे रुपये वाढत जातात. असे आकडे कुठून येतात? भरणा झालेला असतो, पण पावती जुन्या मालकाच्या नावावर असते. एकाच खोलीला दोन मालमत्ता क्रमांक पडलेले असतात. चेक परत गेलेला असतो, नंतर रोख भरलेली असते आणि दोन नोंदींची गाठ कधी पडलेलीच नसते. कळव्यात तर अनधिकृत इमारती पुष्कळ. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ प्रमाणे अशा बांधकामांवर वेगळी शास्ती बसते आणि कर भरला म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही. मूळ कर किती, शास्ती किती, सवलत कधी मिळाली, हे प्रत्येक खात्यात वेगळे दिसले पाहिजे. सगळे मिळून एकच रक्कम चढवली, तर पुढे भांडायचे कशावर हेही करदात्याला कळणार नाही.

ही गुंतागुंत आजवर प्रभाग कार्यालयातल्या अनुभवी लिपिकांनी सांभाळली. मागणी रजिस्टरच्या कडेला, शेऱ्याच्या रकान्यात, त्यांनी लिहून ठेवले: ‘दुबार नोंद’, ‘पावती पाहिली’, ‘वारस नोंद बाकी’. आकडे नव्या प्रणालीत जातात, शेरे मागे राहतात. लिपिक निवृत्त झाला की त्या खात्याचा इतिहासही जातो.

या बाबतीत आपला भाग मागासलेला मुळीच नाही. शेजारच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने या शतकाच्या सुरुवातीलाच कर, पाणीपट्टी, दाखले आणि लेखा विभाग एका प्रणालीत आणले, नागरी सुविधा केंद्र उघडले आणि पुढे राज्य शासनाने तेच प्रारूप इतर पालिकांसाठी घेतले. एबीएम नॉलेजवेअर या मुंबईच्या कंपनीने उभारलेली ती प्रणाली ही खरोखर अभिमानाची गोष्ट आहे. पण याच महापालिकेच्या हद्दीत कधी आत, कधी बाहेर होत राहिलेल्या २७ गावांचे काय झाले पाहा. १९८३ मध्ये ती महापालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली, १ जून २०१५ रोजी पुन्हा आली. २०२० मध्ये शासनाने त्यातली १८ बाहेर काढली आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदी पालिकेच्या खात्यात बसवणे हे यंत्राचे काम नव्हे. कोणत्या वर्षापासून कोणत्या दराने मागणी धरायची, हा निर्णय माणसांनी घ्यायचा असतो आणि त्याची जबाबदारीही सहीनिशी घ्यायची असते.

ताळमेळ नीट न बसवता घाई केली तर काय होते, ते इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमने दाखवले. १९९९ पासून वापरातली सॅप प्रणाली काढून त्या नगर परिषदेने एप्रिल २०२२ मध्ये ओरॅकल सुरू केली. जुन्या कार्यपद्धतीला जुळवण्यासाठी नव्या प्रणालीत फेरफार केले आणि बँकेत जमा झालेला पैसा व खात्यातली नोंद यांचा मेळ बसेना. सुमारे दोन कोटी पौंडांचा अंदाज दहा कोटींच्या पुढे गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये परिषदेने आर्थिक असमर्थता जाहीर केली. समान वेतनाची थकीत देणी हे त्याचे मोठे कारण होते, पण प्रणालीचा खर्चही त्यात होता. एवढी साधनसंपन्न संस्था बँकेच्या ताळमेळावर अडते, तर आपण गाफील राहून कसे चालेल?

जकात गेली, मग स्थानिक संस्था कर आला आणि २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही उठला. आता पालिकेच्या हातात स्वतःचे असे मोठे उत्पन्न मुख्यतः मालमत्ता कराचेच उरले आहे. म्हणून या खात्यांच्या शुद्धतेवर लेखापरीक्षकाची सही हवी, ठेकेदाराचे ‘डेटा चढवला’ हे प्रमाणपत्र पुरेसे नाही. विदा पालिकेच्या मालकीची, कोणत्याही दुसऱ्या प्रणालीत वाचता येईल अशा स्वरूपात, करारातच लिहून घेतली पाहिजे.

कर आकारणी बदलताना पालिका हरकती मागवते आणि सुनावणी घेते. प्रणाली बदलतानाही तेच करावे. प्रत्येक खातेदाराला चढवलेली शिल्लक वर्षनिहाय कळवावी, हरकतीला मुदत द्यावी आणि निकाल लागेपर्यंत वादग्रस्त रकमेवर शास्ती थांबवावी. सुनावणी कळवा प्रभाग समितीच्या कार्यालयातच व्हावी, लोकलने घरी परतणाऱ्यांना गाठता येईल अशा वेळी. आणि शेवटची हरकत निकाली निघेपर्यंत जुनी प्रणाली, तिच्या शेऱ्यांसह, वाचण्यापुरती चालू ठेवावी.